मदत हवी आहे: जुना ट्रक चालू होत नाही, संत्र्याची तोड तोंडावर

संत्रावाला_वरुड
राजेहो, अर्जंट मदत पायजे. काकाजीचा ट्रक लय दिवसापासून उभा होता, तो चालू करून रायलो. सेल्फ मारला की इंजिन फिरते पण उचलत नाही. बॅटरी नवीन टाकली, डिझेलचा फिल्टर बदलला, डिझेल टाकलं. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड आता लागते आणि भाड्याच्या गाडीवाले आतापासून आगाऊ पैसे मागून रायले. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो म्हणते. लवकर सांगा काय करू.

स्टेअरिंगबाबा
कोणता ट्रक, कोणतं मॉडेल, किती वर्षं उभा, शेडमध्ये की उघड्यावर? सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून धूर येतो का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

धुरावरचा_माणूस
काही खोलू नका. ट्रॅक्टरला तार बांधा, ट्रक तिसऱ्या गिअरात टाका, ओढा आणि क्लच सोडा. आमची गाडी दर पावसाळ्यानंतर अशीच चालू होते.

स्टेअरिंगबाबा
पावसाळाभर उभी राहिलेली गाडी वेगळी आणि वर्षानुवर्षं उभी राहिलेली वेगळी. सायलेन्सरच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बेअरिंगवरचं ऑइलही केव्हाचं खाली उतरलेलं असतं. ओढायचं नाव काढू नका.

संत्रावाला_वरुड
टाटा १२१० हाय, ९४ चं मॉडेल. लॉकडाऊन लागला तवापासून वावरात निंबाखाली उभा. धूर काहीच नाही, ना पांढरा ना काळा. इंजिन जाम नाही, मोकळं फिरते.

पंपवाला_यवतमाळ
धूर काहीच नाही, हीच कामाची गोष्ट तुम्ही शेवटी सांगितली. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातं पण पेटत नाही असं म्हटलं असतं. धूरच नाही म्हणजे नोझलपर्यंत, इंजिनात डिझेल फवारतं तिथपर्यंत, डिझेल पोचत नाही. आता एवढं सांगा:
टाकीतलं जुनं डिझेल काढलं होतं का?
डिझेलच्या लाइनीत अडकलेली एअर काढली का, आणि कुठपर्यंत? फक्त फिल्टरची, की नोझलच्या पाइपांची पण?
बॅटऱ्या किती लावल्या? सेल्फच्या पाटीवर व्होल्ट वाचा. चोवीसचा असेल तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात.

वाशीमचा_नितळ
एवढी माथापच्ची काऊन? ९४ ची गाडी आहे, भंगारात द्या. फिटनेस संपलेलं असेल. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. टॅक्स, इन्शुरन्स, पासिंग धरून बघा, भाड्याची गाडी स्वस्त पडेल.

संत्रावाला_वरुड
कागदपत्र मी पाहून घेतो, ते विचारलं नाही. काकाजीनं या गाडीवर दोन पोरींचे लग्न केले, भंगारात द्यायची नाही.
बॅटऱ्या दोन हायेत, चोवीसचाच सेल्फ हाय, चांगला फिरते. जुनं डिझेल तळाशी थोडंच होतं, त्यावरच नवीन टाकलं. एअर फिल्टरची काढली, तिथं डिझेल चांगलं येते.

धुरावरचा_माणूस
एअर क्लीनर काढा आणि तिथून स्टार्टिंग स्प्रे मारा, एका झटक्यात उचलते.

पंपवाला_यवतमाळ
स्प्रेनं उचलेल आणि लगेच बंद पडेल, कारण डिझेलच नाही. वर कोरड्या लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, तो स्फोट बसतो, पिस्टनच्या रिंग तुटतात. कृपा करून असे सल्ले देऊ नका, दुसऱ्याच्या इंजिनाचा खर्च दुसऱ्याला पडतो.
वरुडवाले भाऊ, आधी टाकीच्या खालचा नट खोलून सगळं डिझेल काढा. इतकी वर्षं राहिलेल्या टाकीत तळाला पाणी बसतं आणि त्यावर काळा चिकट गाळ धरतो. तो नव्या फिल्टरमध्ये गेलाच असेल, म्हणून फिल्टर परत बदला. मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारून फिल्टरची आणि नोझलला दाबानं डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाची एअर काढा. त्यानंतर नोझलकडचे सहाही पाइपांचे नट थोडे ढिले करा, सतरा नंबरचा पाना लागेल, आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. पाइपाच्या तोंडाशी डिझेल उसळतं का ते बघा. हात जवळ नेऊ नका, पूर्ण दाबाची धार कातडीत घुसते.

मोर्शीचा_बागवान
संत्र्याला यंदा भाव काय मिळून रायला तिकडं? आमच्याकडं व्यापारी येऊन बगिचा पाहून जातात आणि फोन उचलत नाहीत. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवल्यापासून हेच चालू आहे.

स्टेअरिंगबाबा
बागवानभाऊ, भावाचं वेगळं विचारा, इथं ट्रक चालू होऊ द्या.

संत्रावाला_वरुड
टाकी धुतली. काळं गाळपाणी निघालं, वास येऊन रायला होता. फिल्टर बदलला, एअर काढली. मोठ्या पंपापर्यंत डिझेल येते, पण सहाही पाइप कोरडे. पंप गेला का? नवीन पंप केवढ्याला पडते?

पंपवाला_यवतमाळ
पंप गेला नाही, थांबा. सहाच्या सहा कोरडे म्हणजे रॅक, पंपातला डिझेल कमीजास्त करणारा दांडा, बंद बाजूला अडकलेला आहे. गाडी बंद करताना स्टॉपची तार ओढली जाते, रॅक शून्यावर जातो आणि त्याच जागी जुनं डिझेल सुकून चिकटतो. आधी स्टॉपची तार पंपाकडून सोडा आणि पंपावरचा स्टॉपचा दांडा हातानं हलवून पहा. स्प्रिंगनं परत येतो का?

संत्रावाला_वरुड
दांडा हलते, पण परत येत नाही. जिथं सोडला तिथंच राहते.

पंपवाला_यवतमाळ
मग तेच. पंपाच्या अंगावर बाजूला पाटी असते, दोन स्क्रूची. ती काढली की आत डिझेल दाबणारे प्लंजर आणि रॅक दिसतो. आत नवं डिझेल आणि गंज सोडवायचं ऑइल मारा, रात्रभर भिजू द्या. मग लाकडी दट्ट्यानं रॅक हळूहळू दोन्हीकडं सरकवा. हातोडी अजिबात नको. एखादा प्लंजर वर अडकून बसला असेल तर त्याची स्प्रिंग दबलेलीच दिसेल. तसं असेल तर पंप उतरवून आणा, पण उतरवण्याआधी पंप इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगला आणि बॉडीला खूण करा, नाही तर टायमिंग जाईल.
आणि हे नीट वाचा. रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकला आणि इंजिन उचललं तर ते थांबत नाही, रेस होतच जातं, चावी काढून उपयोग नसतो. म्हणून चालू करण्याआधी स्टॉपचा दांडा चारदा हलवून पहा आणि एअर क्लीनर काढून एक माणूस जाड फळी घेऊन तिथं उभा ठेवा. रेस झाली की हवेचं तोंड दाबून टाकायचं.

धुरावरचा_माणूस
फळीचं मान्य. आमच्या तालुक्यात एका गाडीचं असंच झालं होतं, ब्लॉक फुटला.

स्टेअरिंगबाबा
चालू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी आत आहे, हेड उघडावं लागेल. काळंच असलं तरी बदला. आणि स्टॉप ओढून ठेवून सेल्फवर फिरवा, ऑइलचा काटा उचलला की मगच स्टॉप सोडा. एअर क्लीनर खोलताय तर आत उंदरानं घर केलंय का तेही बघा.

संत्रावाला_वरुड
चालू झाला! रॅक सुटला, प्लंजर सगळे मोकळे होते. आधी पांढरा धूर बम निघाला, मग साफ झाला. काकाजी तिथंच खाटेवर बसून होते, उठून बॉनेटवर हात ठेवून उभे रायले. पंपवालेभाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही.
आता ट्रक गिअरात टाकला तं हलत नाही, मागचे चाक धरून बसले. परवा माल भरायचा हाय.

पंपवाला_यवतमाळ
जोर करून ओढू नका, ब्रेकचं लायनिंग ड्रमला चिकटलं आहे. चाक काढून ड्रम उघडा. ब्रेकचे होसपाइप सगळे बदला आणि टायरच्या बाजूच्या भेगा बघा. परवाचा माल भाड्याच्या गाडीनं जाऊ द्या.