अनुभव धागा: वर्गाला एक कल्पना दिली आणि मुलं वाचू लागली

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन सगळीकडे होतो. १६ तारखेला पुस्तकं परत कपाटात. तुमच्या वर्गात वर्षभर टिकेल असं काही चाललं असेल, ज्यातून मुलं वाचतीलही आणि एकमेकांना धरूनही राहतील, तर लिहा. कोल्हापूर परिसरातल्या शिक्षकांनी, पालकांनी, सगळ्यांनीच.

तिसरीच्या बाई, करवीर तालुका
आमच्या भिंतीवर उसाचा फड आहे. प्रत्येक मुलाचा एक पुठ्ठ्याचा ऊस. एक पुस्तक वाचून झालं की एक कांडं वाढतं. कुणासाठी काही चांगलं केलं की वर एक पात लागते, पण ती स्वतःसाठी मागायची नाही. दुसऱ्यानं येऊन सांगायला हवं.

एकाची दिवाळीपर्यंतच अकरा कांडी झाली, पात एकही नाही. पोरं म्हणायची, "ह्याला वाडंच न्हाई, जनावरांनी खायचं काय?" (वाडं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा.) त्याला ते फार लागलं. तेवढ्यात ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या कुटुंबातला एक मुलगा वर्गात आला. त्याला जोडाक्षरं येत नव्हती. मधल्या सुट्टीत हे दोघं एका पुस्तकावर वाकलेले दिसले. नवा मुलगा 'गुऱ्हाळ' या शब्दावर अडला होता. गु... रा... बोट पुढं सरकेना. आमचा म्हणाला, "तुमच्या खोपीशेजारीच हाय की ते. वास येतोय बघ." मुलानं खरंच मान वर करून वास घेतला आणि शब्द म्हणून टाकला. त्या दिवशी पहिली पात लागली.

मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपला, ते कुटुंब गेलं. त्याची चार कांडी मी काढायला लागले, तर मुली ओरडल्या, "बाई, बुडातनं नको! खोडवा राहू दे." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणारा ऊस.

एक आई, मंगळवार पेठ
आधीच्या शाळेत 'हळू वाचणारे' अशी यादी फळ्यावर असायची. माझ्या मुलाचं नाव त्यात होतं. वर्षभर त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. आता त्याच्या वर्गाची पैलवानांची असते तशी तालीम केलीय. रोज पानांचे जोर काढायचे, चौथीतली मुलं वस्ताद. वाचायला उभं राहण्याआधी जोडीदाराशी हात मिळवायचा आणि तो अडला तर हसायचं नाही. एवढ्या एका नियमानं माझा मुलगा घरी मोठ्यानं वाचायला लागला.

निवृत्त शिक्षक
ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर वर्गातलं कपाट उघडलं तर पुस्तकांचे गठ्ठे चिकटलेले. आम्ही 'पुस्तकांचा दवाखाना' काढला. चार पानं सोडून एक कोरा कागद, तो ओला झाला की बदलायचा. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत पंख्याखाली. प्रयाग चिखलीकडची ज्यांची घरं बुडाली होती, त्या मुलांना आम्ही डॉक्टर केलं. पानं सुटी करता करता ती वाचत बसायची आणि मध्येच आपल्या घरातलं काय काय वाहून गेलं ते सांगायची. बाकीची ऐकायची. त्या आठवड्यांत मी फारसं शिकवलं नाही, पण तो वर्ग मला अजून दिसतो.

पाचवीचे सर
बक्षीस मात्र लावू नका. आम्ही लावलं, तर मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधू लागली. बक्षीस बंद करून त्यांना करवीर नगर वाचन मंदिरात नेलं. १८५० पासूनचं ग्रंथालय म्हटल्यावर एक मुलगी दारातच चप्पल काढून उभी राहिली.

एक वाचक
तिसरीच्या बाई, त्या बीडकडच्या मुलाचं पुढं काय झालं?

तिसरीच्या बाई, करवीर तालुका
आला की! दिवाळी झाल्यावर. मुलं आता चौथीत, फडही त्यांच्याबरोबर पुढच्या भिंतीवर गेलाय. तो सरळ आपल्या खोडव्याकडे गेला आणि म्हणाला, "दोन कांडी द्या." जाताना मुलांनी दिलेली दोन्ही पुस्तकं पिशवीतून काढली. कोपरे दुमडलेले, एकावर तेलाचा डाग. त्यातलं दुसरं त्यानं तिकडं धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं होतं, म्हणून पातही लागली. ते सांगायला बहीण स्वतः दारात उभी होती.