रक्तात व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पातळी ३८ आली, डोस थांबवला. बरोबर का?

प्रश्न (इंदूर): बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या जखमेत एमआरएसए (नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू) निघाला. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम, दर १२ तासांनी. तीन दिवसांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) ०.९ वरून १.६. काल डाव्या हाताला औषध चालू असतानाच त्याच हातातून रक्त काढलं, मी शेजारीच उभी होते. जीव टांगणीला लागलाय.

उत्तर १ (वडोदरा, फार्मासिस्ट): ताई, औषध जात असलेल्याच हातातून घेतलेल्या त्या ३८ वर विसंबू नका. नमुना पुढच्या डोसच्या साधारण अर्धा तास आधी, दुसऱ्या हातातून हवा. डोस सुरू झाल्याची आणि रक्त घेतल्याची वेळ नोंदवायला सांगा. वेळ नसलेला आकडा वाचताच येत नाही. पण क्रिएटिनिन खरोखरच वाढलंय, म्हणून डोस थांबवला ते योग्यच.

उत्तर २: पूर्वी पुढच्या डोसच्या आधीची पातळी १५ ते २० गाठायचा आग्रह असे. २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने गंभीर एमआरएसएसाठी तो सोडला, कारण किडनीला इजा होत होती. आता २४ तासांचा एयूसी (दिवसभरात शरीराला मिळालेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० धरतात. अमिकासिन हे दुसरं अँटिबायोटिकही चालू आहे का? दोन्ही मिळून किडनीवर ताण वाढतो.

प्रश्नकर्ती: अमिकासिन नाही. आज उजव्या हातातून घेतलं, सिस्टरांनी ट्यूबवर वेळ लिहिली. १९ आली. डॉक्टर डोस कमी करून पुन्हा सुरू करणार आहेत.