डब्यावर पाम ओलीन लिहिलंय!

सायली, बी-४०२: बायांनो, पिल्लूच्या दुधाच्या डब्यामागची बारीक अक्षरं आज पहिल्यांदा वाचली. पाम ओलीन, सोया तेल, खोबरेल... तीन महिन्यांच्या बाळाला फरसाणवाल्याचं तेल? दोन दिवस शीसुद्धा खडा होतेय. कुंथून कुंथून लालबुंद होतो.

मोहिते काका, ए-१०१: डबा फेकून द्या. आमची पोरं गायीच्या दुधात पाणी घालून वाढली.

वैशाली काकू, सी-३०१: बाटलीत अर्धा चमचा तूप घाल गं.

मुग्धा, आहारतज्ज्ञ, डी-२०३: काकू, तूप सहा महिन्यांनंतर वरणभातावर. आत्ता नको. काका, गायीच्या दुधात लोह फार कमी, आणि प्रथिनं-क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नाहीच.

सायली, आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांतून येते. त्या स्निग्धांत २० ते २५ टक्के पामिटिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल असतं. डब्यात ते आणायला पाम तेल घालतात, ओलीन म्हणजे त्याचाच पातळ भाग. मेख इतकीच, की आईच्या दुधात ते बहुतेक स्निग्धाच्या रेणूच्या मधल्या जागी असतं, पाम तेलात कडेला. कडेचं पचताना सुटतं, कॅल्शियमला धरतं आणि त्याचा साबण होतो. म्हणून शी जरा घट्ट. विषबिष काही नाही.

मोहिते काका, ए-१०१: पोटात साबण??

मुग्धा, डी-२०३: कपड्यांचा नव्हे हो काका 😄

सायली, बी-४०२: मग पाम नसलेला डबा आणू?

मुग्धा, डी-२०३: डॉक्टरांना विचारून आण. पण आधी सांग, पावडरचा चमचा सुरीने सपाट करतेस ना? पाणी आधी, पावडर नंतर?

सायली, बी-४०२: मी करते. रात्रीची बाटली निखिल बनवतो. थांब, विचारते.

सायली, बी-४०२: शिगोशीग भरतो!! म्हणे दाट असलं की जास्त वेळ झोपतो.

निखिल, बी-४०२: हे ग्रुपवर सांगायलाच हवं होतं का 🙏

मुग्धा, डी-२०३: मग तेलाला कशाला दोष? पावडर जास्त, पाणी कमी, शी खडा होणारच. डब्यावर लिहिलंय तेवढंच, सपाट. शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा पोट फुगलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे.

वैशाली काकू, सी-३०१: अंगावर पाजतेस ना अजून?

सायली, बी-४०२: हो काकू. पुरत नाही म्हणून वरचं.

मुग्धा, डी-२०३: ते सोडू नकोस. उद्या सकाळी येते, कसं घेतेस ते बघू.

निखिल, बी-४०२: सायली, सुरी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे?