अनुभव धागा: संगणक मंडळाच्या बैठकीत माणसं रमतात कशी?

मंडळी, रत्नागिरीतल्या आमच्या मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. पूर्वी तीस खुर्च्या मांडायचो आणि सात माणसं यायची. आम्ही प्रोजेक्टर लावून तासभर बोलायचो, लोक चहा घेऊन घरी जायचे. मग क्रमच उलटा केला. आधी प्रत्येकाने उभं राहून दोन वाक्यं सांगायची: माझं काय अडलंय आणि मला काय येतं. ज्याचं ज्याच्याशी जुळेल त्याने त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. युक्ती आमची नव्हे. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकवाल्यांच्या मंडळाची पहिली बैठक भरली, पुढे त्यांच्यात हीच रीत पडली होती. आता आमच्याकडे लोकांना 'उठा' म्हणावं लागतं. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा.

चिपळूणहून
बॅकअपवर दोनदा भाषण ठेवलं, कोणी लिहूनही घेतलं नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी माझ्या फोटो स्टुडिओत शिरलं आणि चार हार्ड डिस्क गेल्या. अकरा वर्षांची लग्नं होती त्यांत. पुढच्या बैठकीला त्यातली एक वाळल्या गाळासकट टेबलावर ठेवली. हातोहात फिरली, कोणी बोललं नाही. मग तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी हा नियम सांगितला, आणि आपली तिसरी प्रत कुठे ठेवायची हे प्रत्येकाने तिथेच बसून ठरवलं. माझी कराडला बहिणीकडे असते. आता दर बैठकीला कोणीतरी विचारतंच, "घाटावरची प्रत कधी बदललीस?"

देवगडहून
आम्ही हापूसवाले. एक्सेल शिकवणारा मुलगा कुठल्यातरी कंपनीच्या पगारपत्रकावर शिकवायचा, आम्ही जांभया द्यायचो. एकाने गेल्या हंगामाची वही आणली: कितीची पेटी, भाडं किती, वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काय आली. त्याच आकड्यांचं पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेल आपोआप गटवार बेरजा करून देतं तो तक्ता, केलं आणि थेट घरपोच विकलेल्या पेटीमागे हातात किती उरले ते समोर आलं. पुढच्या वेळी सतरा वह्या आल्या! फक्त मार्च ते मे बैठक ठेवू नका, सगळे बागेत असतात.

मालवणहून
मदतीला येणारी पोरं माउस ओढून घेतात आणि स्वतःच करून टाकतात. समोरचा माणूस नुसता बघत राहतो. आम्ही नियम केला: शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे. पहिल्या दिवशी एक तांडेल (होडीचे प्रमुख) "माका जमतला काय?" म्हणत बसले होते. पाऊण तास लागला, पण ई-मेल त्यांनी स्वतः पाठवला. पुढच्या खेपेला शेजाऱ्याला घेऊन आले.

वेंगुर्ल्याहून
मी फळ्यावर एकच शब्द लिहिते: 'किनाऱ्यावर'. टाइप करा म्हणते. निम्म्यांचा 'किनार्यावर' होतो, रफार वर चढतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून 'जे' दाबलं की नुक्त्याचा ऱ मिळतो, मग हलन्त, मग य. एक आजी 'दऱ्या, सुऱ्या, कोऱ्या' लिहीत शेवटपर्यंत उठल्याच नाहीत.

अलिबागहून
फसलेलं सांगते. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आम्ही एका रविवारी पाच जुने लॅपटॉप लिनक्स मिंटवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आणायला घेतले. घाईत एका काकांची डिस्क पुसली गेली, फोटोंसकट. ते परत आले नाहीत. आता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवतो, लोक आठवडाभर घरी वापरून बघतात, मग ठरवतात.

रत्नागिरीहून, पुन्हा मी
ताई, त्या लॅपटॉपवर नवीन काही साठवू नका, तो आधी बंद करा. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम चालवून बघा. तो मोफत आहे, आणि ज्या भागावर नवं काही लिहिलं गेलेलं नाही तिथले फोटो पुष्कळदा निघतात. काकांना फोन नको, घरी जाऊन भेटा. डिस्क इकडे पाठवलीत तर मी बसतो तिच्यापाशी.