अनुभव धागा : घरातला माणूस सीमेवर असताना तुमच्या उपयोगी कोण आणि कसे पडले?

सैन्यातल्या माणसाच्या घराविषयी बोलायची वेळ आली की आपण अभिमान आणि काळजी या दोन शब्दांवरच थांबतो, आणि त्या घरात दवाखान्यापासून शेताच्या वाटणीपर्यंत जे रोज चालू असते ते बोलायचे राहून जाते. नियमित सेवेतल्या जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. म्हणजे सगळी रजा मंजूर झाली तरी नऊ महिने घर त्याच्याविना चालते, आणि पोस्टिंग फिल्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीच्या भागात, असेल तर कुटुंब सोबत नेण्याचा प्रश्नच येत नाही. पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-भावजया, शेजारी, शिक्षक, निवृत्त सैनिक अशा सर्वांनी येथे लिहावे. 'सगळ्यांनी खूप आधार दिला' एवढ्यावर न थांबता नेमके कोणी काय केले, त्याचा उपयोग झाला की उलट ओझे झाले, हे सांगावे. कोणाचे नाव, पलटण किंवा सध्याचे ठिकाण मात्र लिहू नये.

माझे यजमान पायदळातून निवृत्त झाले आहेत, तेव्हा सुरुवात मीच करते. मला एकटेपणापेक्षा जड गेले ते निर्णय घेणे, कारण निर्णय माझ्या एकटीच्या गळ्यात आणि त्यावर बोलण्याचा हक्क मात्र साऱ्या भावकीला, अशी ती परिस्थिती होती. एक नातेवाईक विजेचे बिल आपणहून भरून येत आणि मग पगार किती आला, कुठे गेला याचा हिशेब विचारत. याउलट माझ्या थोरल्या जाऊबाई दारात येऊन एवढेच म्हणत, "आज पोरांना मी ठेवते, तुझी बाहेरची कामं उरकून घे." कोणती कामे, हे त्यांनी कधी विचारले नाही. काम हलके करावे, पण अधिकार काढून घेऊ नये, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

हवालदाराची पत्नी, सातारा जिल्हा

लग्नानंतर पहिली दोन वर्षे मी सासरीच होते. सैन्यात लग्न झाले, मूल झाले, तरी युनिटकडून त्याची 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे सेवेच्या नोंदीत ते चढवणारा आदेश, निघेपर्यंत कागदोपत्री ते झालेले नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ऑर्डर नाही म्हणून डिपेंडंट कार्ड (जवानावर अवलंबून असलेल्यांचे ओळखपत्र) नाही, आणि कार्ड नाही म्हणून मिलिटरी हॉस्पिटलात उपचार मिळवताना अडचण, अशी ती साखळी असते. त्यातच आधार कार्डावर माझे नाव एका तऱ्हेने आणि यांच्या सर्व्हिसच्या कागदांवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. एका कार्यालयातल्या बाबूने मला तीनदा परत पाठवले आणि प्रत्येक वेळी नवा कागद मागितला.

यातून मार्ग काढला तो गावातल्या एका निवृत्त नायब सुभेदार काकांनी. त्यांनी माझ्यासाठी अर्ज लिहिला नाही. मला समोर बसवून माझ्याकडून लिहून घेतला, यांच्या कंपनीच्या (पलटणीतल्या तुकडीच्या) क्लार्कशी फोनवर मलाच बोलायला लावले आणि जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस म्हणजे काय, तिथे कोणता कागद जातो, हे समजावून दिले. पुढच्या सुट्टीत हे आले तेव्हा आम्ही दोघांनी एक शंभर पानी वही केली. त्यात यांचा आर्मी नंबर, बँक खाती, विमा, कर्जाचे हप्ते, कंपनीच्या सीनियर जेसीओंचा (नायब सुभेदार, सुभेदार अशा हुद्द्यांपैकी ज्येष्ठांचा) फोन आणि प्रत्येक मूळ कागद कुठे आहे हे लिहिले. यांचे नाव आणि नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेली काळी ट्रंक आमच्याकडे आहे. तिच्या झाकणाला आतून एक कापडी खण शिवून ती वही त्यात ठेवली आहे. नव्याने लग्न झालेल्या मुलींना मी आहेरापेक्षा अशी वही करून देते. (आहेरही देते, गैरसमज नको.)

जवानाचा धाकटा भाऊ

आमचा बांधाचा वाद कोर्टात गेला तेव्हा दादा उंचावरच्या चौकीवर होता आणि तारखांवर तारखा पडत होत्या. समोरच्या मंडळींना नेमके तेच हवे होते. भारतीय सैनिक (लिटिगेशन) अधिनियम, १९२५ नावाचा एक जुना कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असल्यामुळे सैनिक स्वतः हजर राहू शकत नसेल, तर त्या कायद्यानुसार त्याच्या प्रकरणाचे काम तहकूब ठेवता येते. आमच्या वकिलांना तो कायदा माहीत नव्हता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यावर ते कळले, आणि युनिटचे पत्र आल्यावर पुढची हालचाल झाली.

दुसरी गोष्ट अशी की, या काळात शेताविषयी बोलायला जो तो माझ्याकडे येई, कारण घरातला पुरुष मी. मी प्रत्येकाला वहिनींकडे पाठवत असे. काहींना ते रुचले नाही, पण मुखत्यारपत्र वहिनींच्या नावे होते आणि दादाचा शब्दही तसाच होता.

सुभेदारांची मुलगी, आता नोकरी करते

आमच्या लहानपणी फोन म्हणजे कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ. बाबांचा पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' (सैन्याचे टपाल कार्यालय), त्यावरून ते काश्मिरात आहेत की राजस्थानात, हे कधीच कळत नसे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी सैन्य सीमेवर नेले गेले, ते ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच राहिले. प्रत्यक्ष युद्ध झाले नाही, म्हणून लोकांना ते फारसे आठवत नाही. पण मला वाटते घरच्यांना सर्वांत जास्त पोखरतो तो असाच काळ, ज्यात काहीच घडत नाही आणि काहीही घडू शकते.

पत्रे मागेपुढे पोहोचत. आधीच्या पत्रातली भांडणे नंतर येत आणि त्यांची समजूत आधी, म्हणून आईने पत्रांच्या डोक्यावर क्रमांक घालायला सुरुवात केली, आणि बाबाही उत्तरात 'तुझे १४ मिळाले, १३ अजून नाही' असे लिहू लागले.

त्या वर्षीच्या माझ्या वर्गशिक्षिका मला विसरता येत नाहीत. २६ जानेवारीला शाळेत मला व्यासपीठावर उभे करून बाबांविषयी बोलायला लावावे, असे ठरत होते. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, मी नको म्हटले, आणि त्यांनी तो विषय तिथेच संपवला. गणिताच्या वहीत मी उत्तरे अर्धवट सोडू लागले होते, ते मात्र त्यांच्या लगेच लक्षात आले होते. त्या रोज मधल्या सुट्टीत मला दोन उदाहरणे सोडवायला बसवत, आणि सीमेविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. सैनिकाच्या मुलांना सतत 'शूर' म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनी याचा विचार करावा, कारण शूर म्हटले की मुलाला रडायची सोय उरत नाही.

नौदलातील अधिकाऱ्याची पत्नी

एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध भारतीय नौदलाची गस्त ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाली. पुढे यांचे जहाजही त्या गस्तीवर होते. मुंबईत नेव्हीच्या वसाहतीत राहण्याचा फायदा असा की शेजारणीला काही समजावून सांगावे लागत नाही. मुलाला रात्री ताप चढला तर एक जण गाडी काढते आणि दुसरी धाकट्याला उचलून घरी नेते. माझी अडचण परतीनंतरची होती. मुलाची झोपेची वेळ, माझे खर्चाचे गणित, अगदी भांड्यांची मांडणीसुद्धा सहा महिन्यांत बदललेली असते, आणि आलेला माणूस जुन्याच घरात आल्यासारखा वागतो. आम्ही ठरवून टाकले की पहिला आठवडा यांनी काहीही बदलायचे नाही आणि पाहुण्यांना बोलवायचे नाही. सासूबाईंना हे पटवायला बराच वेळ लागला, पण मग नातेवाइकांना फोन करून थोपवण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले.

एका जवानाचे वडील

मे २०२५ मध्ये सुट्टीवर आलेल्या पोरांना परत बोलावणे आले, त्यात आमचाही होता. तो गेल्यावर दिवसभर फोन वाजत होता, आणि प्रत्येकाकडे टीव्हीवरची किंवा मोबाईलवर फिरणारी वेगळी बातमी होती. शेवटी पुतण्याने माझा आणि सूनबाईंचा फोन स्वतःकडे घेतला, सगळ्यांना एकच उत्तर दिले आणि युनिटचा नंबर दिसला तरच फोन आमच्या हाती दिला. एवढेच केले, पण घरात चूल पेटली ती त्यामुळे.

निवृत्त सुभेदार

वरचे सर्व वाचून पलटणीच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरचे लोक वाईट बातमी जवानापासून लपवतात, आणि मग ती त्याला गावातल्या एखाद्या मित्राच्या मेसेजमधून रात्री ड्यूटीवर उभा असताना कळते. हातात रायफल असलेल्या माणसाला ती अशी कळणे धोक्याचे आहे. म्हणून आजारपण, अपघात, घरातील मोठे भांडण असे काही झाले तर आधी कंपनीच्या सीनियर जेसीओंना किंवा सुभेदार मेजर साहेबांना फोन करावा. ते त्याला बोलावून, शेजारी बसवून सांगतात, रजेचे आणि गाडीचे पाहतात, आणि रजा शक्य नसेल तर त्याला एकटे सोडत नाहीत. मी स्वतः अशी वेळ अनेकदा निभावली आहे. ज्या घरांकडे आमचा नंबर नव्हता, तिथल्या पोराला सावरायला आम्हाला नेहमी उशीर झाला. नंबर बदलत राहतात. प्रत्येक सुट्टीत ते नव्याने लिहून घ्यावेत.