शब्दचर्चा: 'कटिबद्ध', 'बांधील' आणि यादवीनंतरचे लष्करी करार

विचारणा (जुळे सोलापूर)

आमच्या वाचनालयातील अभ्यासगटासाठी मी मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि नेपाळ येथील शांतता करारांवर टिपण लिहीत आहे. यादवी संपवताना सरकारने आपल्या सैन्यात जे बदल करण्याचे कबूल केले, ते पुढे त्याच्याकडून कसे करवून घ्यायचे, हा टिपणाचा विषय आहे. पहिल्या मसुद्यात मी 'सरकारांना त्यांच्या लष्करी सुधारणाविषयक कटिबद्धतेसाठी उत्तरदायी धरणे' असे लिहिले होते. ते वाचून दाखवताच गटातील एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "म्हणजे कोण, कोणाकडून, काय करून घेतो?" मला उत्तर देता आले नाही. 'कटिबद्धता', 'बांधिलकी', 'वचनबद्धता', 'आश्वासन' यांपैकी येथे कोणता शब्द योग्य ठरेल, आणि 'उत्तरदायी धरणे' याऐवजी आपले रोजचे क्रियापद कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (साखर पेठ)

ताई, आपल्या गुरुजींचा प्रश्न अचूक आहे, कारण आपल्या वाक्यात नामांची गर्दी आहे आणि कर्ता कोठेच नाही.

'कटिबद्ध' म्हणजे कंबर कसलेला. हा शब्द तयारी सांगतो, बंधन सांगत नाही. माझे वडील सोलापुरातील एका गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद झाली तेव्हा फाटकावर जो कागद चिकटवला होता, त्यात 'कामगारांची देणी देण्यास व्यवस्थापन कटिबद्ध आहे' असे वाक्य होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि वडिलांना तो कागद मीच मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारले, "तारीख कोणती आहे?" तारीख नव्हती. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी तारीख शोधतो.

'बांधिलकी' हा चांगला शब्द आहे, पण साहित्यातील सामाजिक बांधिलकीच्या चर्चेमुळे त्याला आता मूल्यनिष्ठेचा अर्थ चिकटला आहे. बांधिलकी माणूस स्वतःहून मानतो. त्याचेच मूळ विशेषण 'बांधील' मात्र अजून कणखर आहे, कारण 'सरकार या कलमाने बांधील आहे' असे म्हणताच बांधणारे कलम डोळ्यांसमोर उभे राहते. 'आश्वासन' तर मोर्चापुढे येऊन मंत्री देतात ते. म्हणून माझी सूचना अशी की 'कबूल केलेली कलमे' असे साधे लिहावे आणि सरकार त्यांना 'बांधील' आहे असे म्हणावे.

क्रियापद तर आपल्या विचारणेतच आले आहे: 'करवून घेणे'. मराठीच्या प्रयोजक रूपात करणारा वेगळा आणि करायला लावणारा वेगळा, हे आपोआप येते. 'जाब विचारणे' हे त्यानंतरचे पाऊल आहे. मुदत टळल्यावर जाब विचारतात. मुदत टळू नये म्हणून पाठपुरावा करतात. हे तिन्ही शब्द आपल्या विषयात लागतील, पण एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

एल साल्वादोरचेच पाहा. सुमारे ७५ हजार माणसे मारली गेल्यानंतर १६ जानेवारी १९९२ रोजी मेक्सिको सिटीतील चापुल्तेपेक किल्ल्यात करार झाला. त्यात नॅशनल गार्ड आणि ट्रेझरी पोलीस ही दोन कुप्रसिद्ध दले रद्द करण्याचे कलम होते. सरकारने काय केले? ती माणसे सैन्यातच नव्या नावांच्या तुकड्यांत हलवली. मराठीत याला 'बरखास्ती' म्हणता येणार नाही, हे 'नामांतर' झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणी पथकाने त्यावर बोट ठेवले, आणि एफएमएलएन या बंडखोर संघटनेने आपली पहिली तुकडी ठरल्या तारखेला मोडली नाही. करारात बंडखोरांचे शस्त्र खाली ठेवणे आणि सरकारची पूर्तता टप्प्याटप्प्याने एकमेकांत गुंफलेली असल्यामुळे दुसऱ्या बाजूच्या हातात पाठपुराव्याचे साधन होते. त्या दलांबाबतचा कायदा झाल्यावर ३० जून १९९२ च्या सुमारास बंडखोरांची पहिली वीस टक्के तुकडी मोडली. येथे 'करवून घेतले' हे क्रियापद शंभर टक्के शोभते.

त्याच करारानुसार तीन नागरिकांच्या आयोगाने सैन्याधिकाऱ्यांची छाननी केली आणि खुद्द संरक्षणमंत्र्यांसह शंभरावर अधिकाऱ्यांना हटवण्याची किंवा त्यांची बदली करण्याची शिफारस केली. सरकारने मुदत पाळली नाही. जानेवारी १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सुरक्षा परिषदेला कळवले की पंधरा अधिकाऱ्यांच्या बाबतीत शिफारशीप्रमाणे कारवाई झालेली नाही. याला 'जाब विचारणे' म्हणतात. मोघम नाराजीच्या जागी थेट पंधरा हा आकडा पुढे ठेवला गेला. ते अधिकारी हटायला १९९३ चा मध्य उजाडला.

शंका (होटगी रस्ता)

सरांचे म्हणणे पटते, पण मला 'सुधारणा' या शब्दाचीच अडचण वाटते. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२५ हे 'सुधारणांचे वर्ष' म्हणून जाहीर केले, तेव्हा त्याचा अर्थ तिन्ही दलांचा समन्वय, नवे तंत्रज्ञान, खरेदीतील सुटसुटीतपणा असा होता. यादवीनंतरच्या करारात 'लष्करी सुधारणा' म्हणजे सैन्य लहान करणे, ते निवडून आलेल्या सरकारच्या हुकमाखाली आणणे, गुन्हेगार अधिकारी काढणे. सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघे फासावर गेले, त्यामुळे नागरी सत्तेच्या जागी सैन्य बसले की काय होते हे आपल्या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही वाचक 'सुधारणा' वाचून नव्या बंदुकांचा विचार करील.

दुसरी गोष्ट 'समायोजन' या शब्दाची. नेपाळीत माओवादी लढवय्यांना सैन्यात घेण्याला 'सेना समायोजन' म्हणतात. मी अनुदानित शाळेत शिकवते आणि आमच्याकडे समायोजन म्हटले की अतिरिक्त शिक्षकांची यादी आठवते. तोच शब्द ठेवावा का?

प्रतिसाद (साखर पेठ)

मॅडम, दोन्ही शंका रास्त आहेत. 'सुधारणा' ठेवायचीच असेल, तर पहिल्याच उल्लेखात 'सैन्य नागरी सत्तेच्या अधीन आणणे' असे उलगडून लिहावे. 'समायोजन' मात्र मी ठेवीन, कारण आपल्याकडील अर्थाशी त्याचे नाते खरोखरच जवळचे आहे: माणसे आहेत, जागा कमी आहेत, आणि कोणाला कोठे बसवायचे हा प्रश्न आहे. नेपाळमध्ये २१ नोव्हेंबर २००६ च्या विस्तृत शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. त्यांची शस्त्रे छावण्यांतील कंटेनरांत कुलूपबंद झाली, आणि तितकीच शस्त्रे नेपाळी सैन्यानेही कुलपात ठेवली. पाच-सहा वर्षे छावणीत काढल्यावर बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपयांचा धनादेश घेऊन घरची वाट धरली. सैन्यात गेले ते सुमारे चौदाशे.

पण त्याच करारात नेपाळी सैन्याच्या लोकशाहीकरणाचेही कलम होते: संख्या योग्य करावी, सैन्य सर्वसमावेशक करावे, मंत्रिमंडळाने त्याचा आराखडा आखावा. बंडखोरांच्या बाजूची डोकी मोजता आली, बंदुका मोजता आल्या. सरकारच्या बाजूचे हे कलम ना आकड्यात होते ना तारखेत, आणि ते रेंगाळले. २००९ मध्ये माओवाद्यांचे नेते असलेले पंतप्रधान प्रचंड यांनी सैन्यप्रमुखांना हटवले, राष्ट्रपतींनी त्यांना पदावर राहण्यास सांगितले आणि पंतप्रधानांनाच राजीनामा द्यावा लागला. म्हणून ताईंनी एल साल्वादोरसाठी 'करवून घेतले' आणि नेपाळच्या या कलमासाठी 'कबूल केले' इतकेच लिहावे. दोन्हीकडे एकच क्रियापद वापरल्यास फरक पुसला जाईल.

विचारणाकर्तीचे उत्तर (जुळे सोलापूर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असे केले आहे: 'यादवी संपवताना सरकारने सैन्याबाबत जी कलमे कबूल केली, ती पडताळणी पथकाने आणि दुसऱ्या पक्षाने त्याच्याकडून मुदतीत करवून घेणे, आणि मुदत टळल्यास जाब विचारणे.' शिवाय टिपणात एके ठिकाणी मी 'दले बरखास्त करण्याची प्रक्रिया सुरू झाली' असे लिहिले होते. ते खोडून 'दलांची नावे बदलली' असे केले आहे. गुरुवारी गुरुजींना पुन्हा वाचून दाखवते.