युद्धाच्या सावटात परदेश प्रवास: मार्ग, तिकीट आणि विमा कसा निवडावा?

प्रवासिनी

नमस्कार. साधारण दहा आठवड्यांनी मला वृद्ध आई-वडिलांना घेऊन परदेशी राहणाऱ्या बहिणीकडे जायचे आहे. तिकिटे अजून काढलेली नाहीत, कारण वाटेवरच्या प्रदेशात संघर्ष पेटला आहे आणि तो कधी निवळेल, कधी भडकेल याचा अंदाज कोणालाच नाही. आम्हाला त्या प्रदेशात उतरायचे नाही. पण सर्वांत सोयीच्या मार्गावर विमान ज्या शहरात बदलावे लागते, ते शहर तिथून फार दूर नाही. दुसरा मार्ग लांबचा आणि महागडा आहे.

विमान कंपनी उड्डाणे करते आहे म्हणजे मार्ग सुरक्षित आहे, असे मानावे का? दोन कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून घेतली तर बरीच बचत होते, ती करावी का? आणि ज्या प्रवास विम्याच्या जाहिरातीत ‘संपूर्ण संरक्षण’ असे लिहिले आहे, तो युद्धामुळे प्रवास रद्द झाल्यास पैसे देतो का? वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, त्यामुळे कुठेतरी अडकून पडण्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

धावपट्टी

मी काही वर्षे उड्डाण नियोजनाचे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

‘विमान उडते आहे, म्हणजे मार्ग सुरक्षित आहे’ हे गृहीतक यापूर्वी फार महागात पडलेले आहे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच१७ हे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. तीनच दिवस आधी युक्रेनने त्या भागातील हवाई हद्द ३२ हजार फुटांपर्यंत बंद केली होती; हे विमान ३३ हजार फुटांवरून, म्हणजे कागदोपत्री खुल्या असलेल्या आकाशातून चालले होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण यंत्रणेने पाडले आणि १७६ जणांचा बळी गेला. इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागून तेव्हा काही तासच झाले होते, तरी विमानतळ सुरूच होता. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने मात्र आपल्या कंपन्यांना त्या आकाशात जाण्यास थोड्याच वेळापूर्वी मनाई केली होती. ज्या देशाच्या आकाशात धोका आहे तो देश ते आकाश वेळेवर बंद करेलच असे नाही. त्यामुळे बाहेरचे नियामक काय म्हणतात ते वाचावे. युरोपीय संघाची विमान सुरक्षा संस्था ईएएसए संघर्षग्रस्त हवाई हद्दींविषयीची सूचनापत्रे सर्वांना वाचता येतील अशी प्रसिद्ध करते. भाषा रूक्ष असते, पण कोणत्या देशावरून, किती उंचीपर्यंत उडू नये, एवढे त्यातून निश्चित कळते.

दुसरी खूण अगदी साधी आहे. तुम्हाला हव्या त्या विमानाचा क्रमांक उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि मागील आठवड्यातील रोजची रेषा पाहा. ती संघर्षाच्या प्रदेशाला ठळक वळसा घालून जात असेल, तर कंपनी सावधगिरी बाळगते आहे. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या खऱ्या वेळाही तिथेच दिसतात, आणि त्या तिकिटावरच्या वेळांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. वळसा म्हणजे जादा इंधन, आणि इंधन वाढले की कधी सामान कमी घ्यावे लागते, कधी मध्येच इंधनासाठी उतरावे लागते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे ९ तासांचा प्रवास १३ तासांवर गेला. म्हणून विमान बदलण्यासाठी दीड तास ठेवू नका, चार तास ठेवा.

जवळच्या शहराबद्दल आपली शंका रास्त आहे. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तासांसाठी अचानक बंद केली, आणि दोहाकडे निघालेली विमाने वाटेतूनच दुसरीकडे वळवावी लागली. तेव्हा इस्रायल आणि इराण यांच्यात लढाई चालू होती, आणि तिच्यात कतार उतरलेला नव्हता. विमाने, वैमानिक आणि प्रवासी भलत्याच शहरांत विखुरले, की बंदी उठल्यावरही घडी बसायला काही दिवस जातात.

बारीक अक्षर

विम्याबद्दल मी लिहिते. दावे तपासण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे. ‘संपूर्ण संरक्षण’ हे शब्द जाहिरातीत असतात, पॉलिसीच्या दस्तऐवजात नसतात. दस्तऐवज उघडल्यावर लाभांचा तक्ता सोडून थेट ‘वगळलेल्या बाबी’ या भागावर जावे. तिथे युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, यादवी, बंड अशी एक साखळी असते आणि तिच्या शेपटीला ‘युद्ध जाहीर झालेले असो वा नसो’ असे जोडलेले असते. बहुतेक पॉलिसींत ही साखळी सापडेल. दहशतवादी कृत्याचा विचार पुष्कळदा वेगळ्या कलमात केलेला असतो, आणि एखादा हल्ला ‘दहशतवाद’ की ‘युद्ध’ यावर दाव्याचे भवितव्य ठरू शकते.

दुसरी अडचण तारखेची. विमा अनपेक्षित घटनेसाठी असतो. पॉलिसी घेतली त्या दिवशी संघर्षाची बातमी सर्वत्र पसरलेली असेल, तर विमा कंपनी ती ‘ज्ञात घटना’ मानते आणि त्या कारणाने झालेला खर्च देत नाही. आपल्या बाबतीत संघर्ष आधीच सुरू आहे, त्यामुळे प्रवास रद्द होण्याची भरपाई विम्यातून मिळेल असे धरून चालू नये. ‘कोणत्याही कारणास्तव रद्द’ अशी जादा सुविधा काही देशांत, विशेषतः अमेरिकेत, मिळते. तिच्यातून साधारणपणे खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत मिळतात, पण ती प्रवासाच्या खर्चाचा पहिला हप्ता भरल्यापासून सहसा १४ ते २१ दिवसांच्या आतच घ्यावी लागते. तिसरी गोष्ट आपल्या सरकारच्या प्रवाससूचनेची. ‘तिथे जाऊ नका’ अशी सूचना असताना गेल्यास अनेक पॉलिसी निष्प्रभ ठरतात. ब्रिटनमध्ये तर विमा कंपन्या परराष्ट्र खात्याच्या सूचनेलाच निकष मानतात. विमान बदलण्यासाठी विमानतळावर थांबणे हे ‘जाणे’ धरले जाते का, हे प्रत्येक पॉलिसीत निराळे असते.

मग विमा घ्यायचाच कशाला? वैद्यकीय खर्चासाठी. वडिलांचे स्टेंट अर्जात न चुकता नमूद करा, शस्त्रक्रियेच्या तारखेसह. सर्वांत वाईट वाटायचे ते युद्धाच्या कलमाने नाकारलेल्या दाव्यांचे नाही, तर ‘प्रकृती उत्तम’ एवढे लिहून लपवलेल्या आजारामुळे नाकारलेल्या दाव्यांचे, कारण ते टाळता आले असते. पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला ईमेलने इतकेच विचारा: ‘अमुक शहरात विमान बदलताना तेथील हवाई हद्द बंद झाल्यामुळे आम्ही अडकलो, तर राहण्याचा खर्च, नव्या तिकिटाचा खर्च आणि त्या काळातील वैद्यकीय खर्च यांपैकी काय मिळेल, आणि कोणत्या कलमानुसार?’ फोनवरचे ‘हो, मिळेल’ दाव्याच्या वेळी कामी येत नाही.

पाठपिशवी

सुट्या तिकिटांविषयी मी स्वानुभवाने सांगतो. अशाच एका हवाई हद्दबंदीत आमचे विमान दुसऱ्या देशात उतरवले गेले. माझे पुढचे तिकीट वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या पीएनआरवर होते. पहिल्या कंपनीने मला ठरलेल्या ठिकाणी पोहोचवले, एका दिवसाने उशिरा, आणि तिची जबाबदारी संपली. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी हजरच झालो नव्हतो, त्यामुळे तिकीट बुडाले, त्यासोबत परतीचेही. विमा कंपनीने तीन ओळींच्या पत्रात युद्धाचे कलम दाखवले. माझ्या शेजारी बसलेल्या कुटुंबाचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर होता. त्यांना काउंटरवरून पुढच्या विमानाचे बोर्डिंग पास मिळाले आणि मी खिडकीपाशी उभा राहून दुप्पट भाड्याचे तिकीट शोधत होतो. मी वाचवलेली रक्कम त्यात दोनदा गेली.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढे पोहोचवण्याचे ओझे विमान कंपनीवर राहते. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या सर्व विमानांना, आणि युरोपीय कंपनीच्या तिकडे जाणाऱ्या विमानांनाही, २६१/२००४ हा नियम लागू होतो. उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत घ्यायचे की पर्यायी विमान, हे प्रवाशाने ठरवायचे असते आणि तोवरचे जेवण व निवास कंपनीने द्यायचा असतो. युद्ध ही असाधारण परिस्थिती असल्याने रोख भरपाई मिळत नाही, पण ही देखभाल मात्र टळत नाही. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. आपल्या मार्गाला कोणता लागू होतो ते तिकीट काढण्यापूर्वी पाहा.

आणखी एक. बातम्या पाहून घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. आपण रद्द केले तर भाड्याच्या अटी लागू होतात, कंपनीने रद्द केले तर सहसा पूर्ण रक्कम परत मागता येते. पुष्कळदा हा निर्णय निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच होतो, तोवर थांबण्याचा धीर धरावा लागतो.

त्या रात्री आम्हाला व्हिसाअभावी विमानतळाबाहेर सोडले नाही आणि चेक-इन केलेल्या बॅगाही मिळाल्या नाहीत. एका आजोबांच्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या. विमानतळावरच्या डॉक्टरांना औषधाचे नाव हवे होते आणि आजोबांना फक्त ‘पांढरी, छोटी’ एवढेच आठवत होते. वडिलांची किमान दहा दिवसांची औषधे आणि मूळ रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रवासिनी

आपणा तिघांचे आभार. मी ते ईमेल दोन विमा कंपन्यांना पाठवले. एकीने माहितीपत्रक जोडून ‘कृपया अटी वाचाव्यात’ एवढेच कळवले. दुसरीने कलमांच्या क्रमांकांसह उत्तर दिले: हवाई हद्द बंद झाल्याने होणारा निवासाचा व तिकिटाचा खर्च मिळणार नाही, अडकलेल्या काळात हृदयविकाराचा त्रास झाला तर उपचारांचा खर्च मिळेल, मात्र आजार आधी नोंदवून जादा प्रीमियम भरलेला असला पाहिजे. नकारच जास्त आहे, तरी मी हीच पॉलिसी घेणार आहे. तिकीट लांबच्या मार्गाचे, एकाच पीएनआरवर काढते आहे. एकच विचारायचे राहिले: विमा प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतला तर चालेल का?

बारीक अक्षर

तिकीट काढाल त्याच दिवशी घ्या. आजचा संघर्ष ज्ञात घटना असला, तरी पुढच्या दहा आठवड्यांत आई-वडिलांपैकी कोणी आजारी पडले आणि प्रवास रद्द करावा लागला, तर ते कारण युद्धाच्या कलमात येत नाही. पण रद्द होण्याचे संरक्षण पॉलिसी सुरू झाल्यानंतर उद्भवलेल्या कारणांनाच मिळते. स्टेंटशी निगडित त्रासही त्यात धरला आहे का, हे त्याच कंपनीला त्याच ईमेलच्या उत्तरात विचारून घ्या.